राहीआक्काचा नकार

राहीआक्का, मेंढरं शिवारात शिरल्याचं कळलं तेव्हा मी दरसालासारखी काठवट घेऊन पीठ मळायला बसले. ज्वारी काढून रान मोकळं झालं की तुमची मेंढरं आमच्या शेतात बसायची, रानाला खत आणि तुम्हाला धान्य. पण पहिल्या दिवशीच्या भाकरी त्या धान्यात धरायच्या नसतात, त्या पाहुणचाराच्या. हा रिवाज माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. तुझ्या वाटणीची भाकरी मी मुद्दाम जाड थापते, कारण एकदा पातळ दिली तर तू ती उन्हाकडे धरून म्हणाली होतीस, "वैनी, हिच्यातून तुमचं घर दिसायलंय." यंदाही जाडच थापली. दुरडी डोक्यावर घेऊन बांधावर पोचले, तर तुझी सून कमळा पुढे आली आणि दुरडी उतरवून घेता घेता म्हणाली, "वैनी, आत्याबाई वारल्या."

पूर्णेच्या अलीकडच्या मुक्कामाला थंडी वाजून ताप आला, दवाखान्यात न्यायला कुणाची तरी बैलगाडी मागून आणली, ती जुंपलेलीच राहिली. एवढंच ती बोलली. मी बांधावर बसले. दुरडीतल्या भाकरीची वाफ अजून निघत होती. समोर बाभळीखाली तुझा दीर म्हाळू उभा होता, खांद्यावर घोंगडी, तोंड झाडाकडे. चाळिशीचा धिप्पाड गडी, आणि कुणी आपल्याकडे बघितलं की घोंगडीत तोंड घालणारा. मी नजर दुसरीकडे वळवली. तूच शिकवलंस ते.

आता हे लिहायला बसले आहे. माझे वडील सेलूला जिनिंगमध्ये कामाला होते. त्या काळी शाळेत सगळं उर्दूतून, म्हणून मराठी त्यांनी मला घरीच शिकवली. सासरी तिचा उपयोग पोथी वाचून दाखवण्यापलीकडे झाला नाही. तुला तर वाचता येतच नव्हतं, आणि आलं असतं तरी तू म्हणाली असतीस की एवढ्या वेळात एक घोंगडी विणून झाली असती. असू दे. तोंडानं बोलायला गेले तर रडू येतं आणि माझी लेक सुमन कानांवर हात ठेवते. कागदावर रडलेलं तिला ऐकू जात नाही.

तुला आठवतं का तू पहिल्यांदा आमच्या अंगणात आलीस ते? सुमन तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. मी गरोदर असताना रझाकारांच्या भीतीनं एक अख्खी रात्र कडब्याच्या गंजीत लपले होते, म्हणून पोरीचं बोलणं आतच राहिलं, असं सासूबाई येईल त्या बाईला सांगत. परभणीच्या एका हकिमानं तिच्या कानाशी वाटी वाजवून पाहिली होती. "बहिरी नै है बच्ची. अपनेच में रहती," एवढं बोलून त्यानं वाटी खाली ठेवली. औषध दिलं नाही, हे एक बरं केलं. बाकीच्यांनी दिलं. कुणी अंगारा दिला, कुणी धुरी, आणि एका मांत्रिकानं तर लिंबाच्या फोकानं तिच्या पाठीवर वळ उठवले. हे सगळं कशासाठी, तर ती जेवताना ओरडायची म्हणून. ताट समोर ठेवलं की जीव जाईल अशी ओरडायची. भूक लागलेली दिसायची, तोंडाला पाणी सुटलेलं दिसायचं, आणि ताट लाथाडायची. पोटातलं काहीतरी तिला जेवू देत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

तू ताक मागायला आली होतीस. दारातच थांबलीस. आत पोर ओरडत होतं, सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, सुमनचे वडील रोजच्यासारखे पायात वहाणा घालून बाहेर चालले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परकं माणूस आलं की सुमनला आतल्या खोलीत घालून कडी लावायची अशी माझी रीत, आणि त्या दिवशी मला उठायलाही सुचलं नाही.

"वैनी, लेकरू कामून रडायलंय?" तू विचारलंस.

"बाहेरचं आहे काहीतरी," सासूबाई म्हणाल्या.

तू दारातूनच तिच्या ताटाकडे बघत होतीस. मी चतकोर उचलून सुमनच्या हातात कोंबायला गेले, तिनं तो फेकला. मग तू सरळ आत आलीस, टोपल्यातली एक न मोडलेली भाकरी घेतलीस, तिच्यासमोर ठेवलीस आणि पाठ करून बसलीस. "बघू नगा तिच्याकडं," एवढं म्हणालीस.

सुमननं भाकरीच्या कडेवरून बोट फिरवलं. सगळीकडून, सावकाश. मग तिनं कडेकडेनं कुरतडायला सुरुवात केली, गोल कायम ठेवत, आणि भाकरी लहान लहान होत गेली. सासूबाईंनी आ वासला. आमच्या घरात लेकराच्या ताटात अख्खी भाकरी वाढायची पद्धत नव्हती. आधी चतकोर, तो संपला तर दुसरा. अख्खी वाढली की लेकरू माजतं आणि अन्न टाकतं, हे सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेलं. त्या चतकोरापायी माझं पोर वर्षानुवर्षं उपाशी उठत होतं आणि आम्ही मांत्रिक धुंडाळत होतो.

खरं सांगू? मला तुझा राग आला. आभाराच्या आधी राग आला. मी तिची आई, रात्रंदिवस तिच्याबरोबर, आणि ताक मागायला आलेली बाई दारात उभी राहून ओळखते. त्या रात्री मी सुमनचे पाय दाबत बसले आणि मनातल्या मनात तुला लाख बोल लावले. सकाळी उठून ताकाची लोटी घेऊन तुझ्या तळावर आले. तू नुसतं म्हणालीस, "बसा. तुमाला आमचा म्हाळू दावते."

म्हाळूची गोष्ट उलटी. त्याला भाकरी कुस्करून लागायची, बारीक, आणि ताक तिच्यावर ओतायचं नाही, वेगळ्या वाटीत. अख्खी भाकरी दिसली की तो उठून जायचा. जेवताना कुणी बघितलेलं चालायचं नाही, म्हणून ताट ठेवून आपण पाठ फिरवायची, आणि पाठीमागून "हं" असा आवाज आला की समजायचं, झालं. तुझं लग्न झालं तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. तुझ्या सासूनं मरताना त्याचा हात तुझ्या हातात दिला. "लोकाला लगनात नवरा देत्यात," तू म्हणायचीस, "मला एक नवरा आन एक लेकरू दिलं. लेकरूच बरं निघालं, नवरा लय कटकट्या." हे तुझ्या नवऱ्याच्या देखत म्हणायचीस, आणि तो बिडी ओढत मान हलवायचा.

मी त्या दिवशी हसले, आक्का. सुमन झाल्यापासून तिच्यासारख्या माणसाविषयीच्या बोलण्यात मी कधी हसले नव्हते. आमच्याकडे तो विषय निघाला की सगळे देवळात आल्यासारखे गप्प व्हायचे, नाहीतर मागच्या जन्मीचं पाप काढायचे. तू पाप काढलं नाहीस. तू म्हाळूला शिव्या द्यायचीस, त्याच्या अंघोळीच्या गमती सांगायचीस, तो रुसला की तूही रुसायचीस. माझं पोर हे एक माणूस आहे आणि माणसाची खोडी काढता येते, हे मला तुझ्याकडे बघून कळलं.

अख्ख्या भाकरीवरून घरात महाभारत झालं ते तुला मी सांगितलंच होतं. सासूबाई हटेनात. त्यांचं म्हणणं, एका पोरीसाठी घराची रीत मोडली तर उद्या बाकीची पोरं मागतील. तू माझ्यासारखी वाद घालायला बसली नाहीस. तू त्यांच्याजवळ चुलीपाशी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "आत्याबाई, तुमच्या हातची भाकर चांदावानी गोल. वैनीची वाकडी व्हती. लेकरू गोल बगतंय, तुमीच काहीतरी करा." दुसऱ्या दिवशी काठवटीत उरलेल्या पिठाची त्यांनी तळहाताएवढी चानकी थापली, जशी लाडक्या लेकराला शेवटच्या गोळ्याची थापतात तशी, आणि स्वतःच्या हातानं सुमनच्या ताटात ठेवली. चतकोराएवढीच, पण अख्खी. रीतही राहिली आणि पोरही जेवलं. तेव्हापासून आजपर्यंत सुमनची चानकी त्यांनी घरात दुसऱ्या कुणाला थापू दिलेली नाही. आता हात कापतात, चानकीची कड फाटते, मग पुन्हा गोळा करून थापतात. त्या दिवशी तू गेल्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "माझ्याआधी कशी गेली ती?" आणि पदरानं तोंड पुसलं. माझी भाकरी वाकडी होते हे मात्र त्या अजून सगळ्यांना सांगतात. ते तुझ्यामुळे.

किती शिमगे गेले असे. तुमचा तळ पडला की मी दुपारची कामं भराभरा उरकून सुमनला घेऊन बाभळीखाली यायची. सुमन मेंढरांत जाऊन उभी राहायची. मेंढरू माणसाच्या डोळ्याला डोळा लावत नाही, नाव विचारत नाही, गाल ओढत नाही. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून घुमल्यासारखा आवाज काढायची, आणि ते ऐकून म्हाळू दुरून मान डोलवायचा. तू लोकर पिंजत बसायचीस, मी नुसती बसायची. वर्षातले तेवढे दिवस मला कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. तेवढ्यावर मी उरलेलं वर्ष काढायची.

म्हणूनच गेल्या साली मी तुला विचारलं. तुला ते आवडलं नाही हे मला माहीत आहे, पण मी तरी दुसऱ्या कुणाला विचारणार होते? सुमन मोठी होत चालली आहे. सासूबाई थकल्या. सुमनच्या वडिलांचा जीव आहे तिच्यावर, पण त्यांना अजून तिच्यासमोर पाठ करून बसायचं कळत नाही, ते प्रेमानं बघत बसतात आणि ती ताट सोडून उठते. मला दर पावसाळ्यात दम्याची उबळ येते. एकदा श्वास कोंडला तेव्हा मला देव आठवला नाही, संध्याकाळची चानकी आठवली. तर मी म्हणाले, "आक्का, मला काही झालं तर सुमनला तुझ्याबरोबर नेशील का?"

मला वाटलं तू माझा हात धरशील. तू पिंजण्यावरून मान वर न करता म्हणालीस, "न्हाई."

मला ते खरंच वाटेना. मी पुन्हा विचारलं.

"न्हाई नेयाची. मपल्या सासूनं एक मानूस माझ्या गळ्यात बांधलं. म्या मरताना कुनाच्या गळ्यात बांधनार न्हाई. आन तुमीबी बांधू नगा."

"मग काय करू? विहिरीत ढकलू?"

"दारात आना तिला. लोकास्नी सांगा कसं करायचं ते."

"लोक हसतात, आक्का."

"हसू द्या की. हसून हसून किती हसतील? त्यांलाबी कामं हायेत."

मी ताडकन उठले. तुला काय जातं सांगायला, तू आज इथं, उद्या तिथं, मला याच गल्लीत राहायचं आहे, असं बरंच बोलले. तूही मागे हटली नाहीस. आत्तापर्यंत मला 'वैनी, तुमी' म्हणणारी तू एकदम म्हणालीस, "तू लेक झाकून ठिवलीस ना, त्यानंच तिचं वाटुळं व्हायलंय." त्यानंतर तळ हलेपर्यंत आपण बोललो नाही. निघायच्या दिवशी मी बांधावर आले, सुमनही होती. तू कमळाच्या डोक्यावर बोचकं चढवत होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे पाहिलं. दोघीही मुलखाच्या हट्टी. मला वाटलं, पुढच्या साली भांडण पुरं करू. मी तर वर्षभर उत्तरं जुळवत होते. काही फार चांगली होती.

परवा मी म्हाळूसाठी भाकरी कुस्करली. ताक वेगळ्या वाटीत. ताट त्याच्यापुढे ठेवून पाठ फिरवून बसले. मग मागून तो म्हणाला, "राही न्हाई." मी म्हणाले, "हो रे बाबा. राही नाही." थोड्या वेळानं "हं" असा आवाज आला. ताट रिकामं होतं.

मी कमळाला विचारलं, याला आता कोण बघतं? मनातून मी तयारी करून आले होते, आक्का. म्हटलं, तू मला नाही म्हणालीस, पण मी म्हाळूला नाही म्हणणार नाही. त्याला आमच्या वसरीवर ठेवून घेईन, घरात किती का आरडाओरडा होईना. तुझ्यावर कुरघोडी करायची होती मला, मेल्यावरसुद्धा.

कमळा म्हणाली, "बघायचं काय वैनी? जिथं तळ पडतो तिथली बाई ताट घेऊन येतीच की. भाकर कुस्करून, ताक येगळं. ठिवती आन पाठ करून बसती. आत्याबाईनं समद्यांला शिकवून ठिवलंय. काका समद्यांला सांगायलेत, राही न्हाई, राही न्हाई."

"समद्यांला म्हणजे?"

"समद्यांला. पूर्णेपस्तोर."

आधी काय वाटलं ते सांगते, तुझ्यापासून लपवायचं काय आता. मला मत्सर वाटला. मला वाटत होतं, म्हाळूच्या ताटाची खूण तू मला एकटीला दिलीस, मी तुझी कुणीतरी खास. आणि इथं दर शिवाराला एक बाई, प्रत्येकीकडे तीच खूण. त्यांच्याशीही तू अशीच हसली असशील, त्यांच्याही भाकरी उन्हाकडे धरल्या असशील. आणि मग सावकाश कळायला लागलं. इतकी वर्षं तू मुलूखभर हिंडत हेच करत होतीस. मरताना म्हाळूचा हात कुणाच्या हातात द्यायची वेळ तुझ्यावर आलीच नाही. तो आधीच सगळ्यांच्या हातात होता. तुझ्या मरणाची बातमीसुद्धा ज्याला बोलता येत नाही म्हणतात त्यानंच गावोगावी पोचवली, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याला हो म्हणालं.

माझी सगळी चांगली उत्तरं वाया गेली, आक्का. तू भांडण जिंकलंस आणि ऐकायला थांबली नाहीस. हे काही बरं केलं नाहीस.

काल मी द्वारकाकडे गेले. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. एकदा सुमन तिच्या अंगणात जाऊन ओरडली तेव्हा ती म्हणाली होती, "आवरा तुमच्या येडीला," आणि तेव्हापासून आमच्यात विरजणाचीही देवघेव नाही. मी दारात उभी राहिले. शेवटी म्हणाले, "सुमनला जेवायला कसं वाढायचं ते तुला दाखवू का?"

द्वारका धुणं पिळत होती, ते तसंच हातात राहिलं. "मला?" ती म्हणाली. "मला वाटायचं तुमी तिला कुनाला हात लावू देत न्हाईत. कवाबी बगावं तर कडीच."

मी सांगितलं. चानकी थापायची, गोल. मोडायची नाही. तिच्याकडे बघायचं नाही, पाठ करून बसायचं. जेवून झाल्यावर ताट ती स्वतःच पालथं घालते, तेव्हा उठायचं.

"एवढंच व्हय?" द्वारका म्हणाली.

"एवढंच," मी म्हणाले, आणि घरी येऊन आतल्या खोलीच्या दाराला टेकून खूप रडले. कडीला हात लागला तेव्हा आणखी रडले.

आज दुपारी सुमनला द्वारकाच्या उंबऱ्यापर्यंत सोडून मी परत आले. आत गेले नाही. सासूबाई विचारत होत्या, चानकी नीट गोल झाली असेल का, कड फाटली तर? सुमनचे वडील वहाणा घालून अंगणात उभे होते, पण बाहेर गेले नाहीत. मी चुलीपुढे बसले, लाकूड मागे ओढलं, आणि भिंतीला कान लावला. पलीकडे परात वाजली. मग तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला. मग द्वारका काहीतरी पुटपुटली आणि गप्प झाली. मी वाट बघत राहिले. चूल विझून गेली.

राहीआक्का, ती ओरडली नाही.